‘कासव’ या शब्दाची परवड

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस खारघर येथील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. दिवाणखान्यात एका काचेच्या पेटीत हिरवट पाठीचे, डोळ्यांमागे दोहों बाजूंस लाल पट्टा असलेले एक कासव पोहत होते. चार वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टाखातर ते बाजारातून आणले, तेव्हा जुन्या रुपयाएवढे होते. आता ते बशीएवढे झाले होते आणि पेटी त्यास पुरेनाशी झाली होती. तेव्हा घरच्या मंडळींनी एकमताने असे ठरविले होते की, येत्या रविवारी पनवेलकडे जाऊन ते गाढी नदीत सोडून द्यावे. ‘‘कासवच ना ते? नदीतले नदीत जाईल, आणि पुण्यही लागेल,’’ असे गृहिणी म्हणाल्या.

या बोलण्यात दया होती, आणि व्याकरणदृष्ट्या त्यात काडीचीही चूक नव्हती. तरी त्या मूक प्राण्याचे गाढी नदीशी काही नाते नव्हते. तो अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला प्राणी. तेथून तो पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून जगभर गेला, आणि हौस फिटल्यावर लोकांनी त्यास ठिकठिकाणच्या तळ्यांत व नद्यांत सोडल्यामुळे तेथील मूळच्या कासवांच्या अन्नावर व जागेवर गदा आणणारा ठरला. जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर उपऱ्या जीवांची जी यादी शास्त्रज्ञांनी केली आहे तीत त्याचे नाव आहे, आणि युरोपीय देशांच्या संघाने 1997 साली त्याच्या आयातीस बंदी केली. म्हणजे पुण्याच्या हेतूने जे घडणार होते ते पापच होते. आणि त्या पापाचा पुष्कळसा भाग ‘कासव’ या एका शब्दाच्या पदरी जातो. ज्या शब्दाने घरातल्या पेटीतला प्राणी, वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणारा प्राणी, देवळाच्या फरशीवरील दगडी प्राणी आणि सशाशी शर्यत लावणारा प्राणी हे सारे सरसकट दाखविले जातात, त्या शब्दाने नदीतला प्राणी ओळखावा कसा, हा प्रश्न त्या दिवशी आमच्या मनात आला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचा आहे.

शब्द दरिद्री आहे असे मात्र कोणी समजू नये. उलट ‘कासव’ हा आपल्या भाषेतील अत्यंत कुलीन शब्दांपैकी एक आहे. हिंदीतील ‘कछुआ’ आणि गुजरातीतील ‘काचबो’ हे ‘कच्छप’ शब्दापासून आले. मराठीने मात्र त्याहून जुना वैदिक शब्द जपला, तो ‘कश्यप’. टर्नर यांनी आपल्या हिंदी-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात मराठी ‘कासव’ ‘कश्यप’ शब्दाखालीच घातला आहे, आणि ‘कच्छप’ हे रूप ‘कच्छ’ म्हणजे पाणथळ काठ या शब्दाच्या ओढीने ‘कश्यप’चेच बदललेले रूप असावे असे मत दिले आहे. वाट सरळ आहे. ‘श्य’चा प्राकृतात ‘स्स’ व्हावा, मग जोडाक्षर सुटून मागील स्वर दीर्घ व्हावा, जसा ‘पार्श्व’चा ‘पास’ झाला. आणि स्वरांमधील ‘प’चा ‘व’ व्हावा, जसा ‘दीप’चा ‘दिवा’ आणि ‘कपाट’चे ‘कवाड’ झाले. प्राकृतात ‘कासव’ हे रूप सिद्धच होते. जैनांच्या अर्धमागधी ग्रंथांत भगवान महावीरांस त्यांच्या गोत्रावरून ‘कासव’ म्हटले आहे. जुन्या छापील मराठी पुस्तकांत ‘कांसव’ असे जे अनुस्वारयुक्त रूप आढळते, तो अनुस्वार मागाहून आपोआप चिकटलेला. मुळात त्यास आधार नाही.

शतपथब्राह्मणात प्रजापतीने कूर्माचे रूप घेऊन प्रजा निर्माण केली असे सांगून, कूर्म म्हणजेच कश्यप, आणि म्हणून सर्व प्रजा काश्यप होत, असा निर्वाळा दिला आहे. आपल्याकडे ज्यास आपले गोत्र ठाऊक नसते त्याने संकल्पात काश्यप गोत्र उच्चारावे असा परिपाठ आहे, त्याचे बीज या कल्पनेत दिसते. गोत्र विसरलेला गृहस्थ अशा रीतीने भर मांडवात आपण कासवाचे वंशज असल्याचे कबूल करतो, आणि भटजींसह कोणासही हसू येत नाही.

व्युत्पत्तीचा विषय निघाला आहे तर एक इशारा येथेच देऊन ठेवतो. तळोज्याकडून येऊन पनवेलच्या खाडीस मिळणारी कासाडी नावाची एक नदी आहे. अलीकडे ती कारखान्यांच्या सांडपाण्यामुळेच लोकांच्या कानांवर असते. ‘कासाडी म्हणजे कासवांची नदी’ असे कोणी सांगितले तर ऐकावयास गोड वाटेल, आणि आमच्याही मनात तो मोह क्षणभर येऊन गेला. परंतु ‘कास’ एवढ्या ध्वनिसाम्यावर नद्यांची व गावांची कुळे ठरवू लागलो तर ‘कासार’ही कासवे विकणारा ठरेल, तो तर ‘कांस्यकार’, काशाची भांडी घडविणारा. स्थलनामांच्या बाबतीत थोरामोठ्यांच्या हातूनही अशा उड्या पडल्या आहेत. शब्दाला मान द्यावा म्हणजे त्याच्या गळ्यात खोटी वंशावळ बांधू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमचे म्हणणे असे की, मराठीने ज्या वाङ्मयाचा वारसा घेतला त्यात कासव हा प्रथमपासून पाण्यातला, आणि बहुधा नदीतला किंवा तळ्यातला प्राणी आहे. जमिनीवर रांगणारे, उंच घुमटासारख्या पाठीचे, सुस्त कासव त्या वाङ्मयात जवळजवळ नाहीच. अमरसिंहाने कूर्म, कमठ व कच्छप हे पर्याय दिले ते वारिवर्गात, मासे व खेकडे यांच्या शेजारी. आणि मादीसाठी ‘डुलि’ असा वेगळा शब्दही नोंदविला. वराहमिहिराने बृहत्संहितेत कूर्मलक्षणाचे प्रकरण लिहिले ते राजाने पाण्यात बाळगावयाच्या कासवांची शुभ लक्षणे सांगण्यासाठी. पंचतंत्रातील कंबुग्रीव तळ्यात राहतो. तळे आटू लागले म्हणूनच त्यास हंसांच्या चोचीतील काठी दातांत धरून उडावे लागते, आणि तोंड उघडल्यामुळे मरावे लागते. गोष्टीचा सारा पेच पाण्याच्या अभावातून उत्पन्न होतो. तो प्राणी जमिनीवरचा असता तर गोष्टच उभी राहिली नसती. वेरूळच्या कैलास लेण्याच्या आवारात नदीदेवतांचे जे छोटे देवालय आहे त्यात गंगा मकरावर आणि यमुना कच्छपावर उभी आहे. कासवाने नदीचे वाहन व्हावे ही कल्पना, ज्यांनी नदीच्या काठी बसून वाळूवर ऊन खात पडलेली कासवे पाहिली आहेत, त्यांनाच सुचू शकते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील अठ्ठावन्नावा श्लोक सर्वांस परिचित आहे. कासव आपले अवयव सर्व बाजूंनी आवरून घेते तसा स्थितप्रज्ञ इंद्रियांस विषयांपासून आवरून घेतो, ही उपमा ज्ञानेश्वरांनी घेतली व मराठीत रुजविली. शिवालयाच्या सभामंडपात कासव का, याचे उत्तर पुष्कळ पुराणिक याच श्लोकाने देतात. आता या उपमेकडे प्राणिशास्त्राच्या अंगाने पाहिले म्हणजे एक मौज दिसते. सागरी कासवास आपली मान व पाय पाठीखाली घेता येत नाहीत. त्याचे वल्ह्यासारखे पाय कायम बाहेरच राहतात. म्हणजे समुद्रकाठच्या कवीस ही उपमा सुचली नसती. उलट, आपल्या कोकणातील तळ्यांत, भातखाचरांत व संथ ओढ्यांत मिळणारे एक लहान मऊ पाठीचे कासव आहे; त्याच्या पोटाकडील बाजूस मागे कातडीच्या दोन झडपा असतात, आणि पुढचा भागही बिजागरीसारखा मिटतो. भय वाटताच ते डोके व चारही पाय आत घेते आणि वरून झडपा लावून घेते. ‘सर्व बाजूंनी’ हा गीतेतील शब्द त्याच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. गीताकाराने हाच प्राणी पाहिला होता असा दावा आम्ही करीत नाही. परंतु उपमा अनुभवाची आहे, पढीक नव्हे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

संतवाङ्मयातील दुसरी कासवी त्याहून अधिक प्रिय आहे. ती पिलांस स्तनपान देत नाही, पंखांखाली घेत नाही. केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते. गुरूच्या कृपेस या ‘कूर्मदृष्टी’ची उपमा आमच्या संतकवींनी आवडीने दिली. गोविंद रघुनाथ दाभोळकर यांच्या 1930 साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीसाईसच्चरिता’तही ती येते, आणि तेथे चित्र स्पष्टच नदीचे आहे: आई या तीरावर, पिले त्या तीरावर, मध्ये पाणी. शास्त्र म्हणेल की हे सारे खोटे. कासवी वाळूत खड्डा करून अंडी घालते, वाळू लोटते आणि पाण्यात निघून जाते, पिलांचे तोंडही पाहत नाही. मान्य आहे. तथापि या खोट्याच्या मुळाशी एक पाहणे आहे. अंडी एका ठिकाणी, आई दूर पाण्यात, डोळे तेवढे पाण्याबाहेर, आणि तरी काही दिवसांनी वाळूतून पिले बाहेर येतात: काठावरच्या माणसास जे दिसले त्याचा अर्थ त्याने आपल्या मायेने लावला. हा अर्थ चुकला असेल, पण त्यामागे नदी आहे. आज ‘कूर्मदृष्टी’ हा शब्द प्रवचनांत अजून ऐकू येतो. परंतु ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ती नदी उभी राहत असेल असे वाटत नाही.

मग हा नदीतला प्राणी शब्दातून हद्दपार केव्हा झाला? आमच्या मते त्याचे उत्तर शाळेच्या पुस्तकात सापडते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ 1828 साली निघाली, आणि तेव्हापासून ससा व कासव ही जोडी महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाच्या कानांवर पडत आली आहे. इसापाच्या गोष्टीतील प्राणी ग्रीस देशातल्या कोरड्या टेकड्यांवर चरणारा, घुमटाकार पाठीचा, खरोखर मंदगती असा भूचर आहे. मराठीत त्यासाठी ‘कासव’ हाच शब्द होता; छत्र्यांनी दुसरे काय करावयाचे होते? परंतु गोष्ट इतकी लोकप्रिय झाली की तिने शब्दाचा अर्थच पालटून टाकला. वर्तमानपत्रांत ‘कासवगती’ हा शब्द पाहावा. पुलाचे काम कासवगतीने, खटला कासवगतीने, लोहमार्गाचे काम कासवगतीने. नवी मुंबईत राहणाऱ्यास तर या शब्दाशिवाय महिना जात नाही. जुन्या काव्यांत कासवाचे जे गुण येतात ते भार वाहण्याचे, आवरून घेण्याचे, दृष्टीने पोसण्याचे. मंथनाच्या वेळी मंदर पर्वत पाठीवर घेणारा, भूमीला आधार देणारा, आणि ज्याच्या पाठीवरून वास्तुशास्त्रातील ‘कूर्मपृष्ठ’ भूमीला नाव मिळाले तो कूर्म सुस्त म्हणून कोणी गौरविलेला नाही. मंदपणा हा त्याचा एकमेव गुण ठरला तो या एका आयात गोष्टीने. आणि गंमत अशी की ही आयात आम्हास आयात वाटतच नाही. आजीने सांगितलेली गोष्ट म्हणून आपण ती सांगतो.

आता नदीतील प्रत्यक्ष प्राणी कसा आहे ते पाहा. भीमा, कृष्णा, गोदावरी यांच्या खोऱ्यांत एक मोठे मऊ पाठीचे कासव राहते. त्याची पाठ चपटी असून तीवर खवल्यांच्या ढाली नाहीत, चामड्यासारखी कातडी आहे. मान लांब, नाक नळीसारखे पुढे आलेले. सारे अंग पाण्यात ठेवून केवळ ते टोक वर काढून श्वास घेता यावा अशी योजना. पूर्ण वाढलेल्याची पाठ दोन फुटांपर्यंत भरते. पिलाच्या पाठीवर डोळ्यांसारखी चार ते सहा वर्तुळे असतात, वय वाढते तशी ती पुसट होतात. हे कासव चपळ पोहते, आणि डिवचले असता मान फेकून असा चावा घेते की धरणाऱ्याने जन्मभर लक्षात ठेवावे. या प्राण्यास ‘कासवगती’ लावणे म्हणजे घारीस ‘कोंबडीची झेप’ म्हणण्यासारखे आहे. पाठ्यपुस्तकातील चित्र पाहून वाढलेल्या मुलास हा प्राणी दाखविला तर ते त्यास कासव म्हणणारच नाही, असे आम्हास वाटते. आणि मुलाचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही.

या प्राण्याचे शास्त्रीय नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. 1872 साली लंडनच्या ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने पुण्याहून गेलेल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले आणि लीथ यांचे नाव त्यास दिले. हे डॉक्टर लीथ मुंबईच्या आरोग्य खात्यातले. 1864 साली मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर त्यांनी अहवाल लिहिला होता. पुण्याचा प्राणी, मुंबईचा डॉक्टर, लंडनचा पंडित. आणि आज मराठी माणसास त्या प्राण्याविषयी काही लिहावयाचे झाले तर ‘लीथचे मऊ पाठीचे कासव’ असे त्या डॉक्टरांच्या नावाचे भाषांतर करावे लागते. पुणेकरांनी आजवर किती गोष्टींचा अभिमान बाळगला आहे! ही गोष्ट त्या यादीत कधी आली नाही. त्याची अवस्थाही सांगून टाकतो. 2021 साली जागतिक निसर्गसंरक्षण संघाने त्यास नष्ट होण्याच्या अगदी कड्यावर असलेल्या जीवांत घातले, आणि 2022 साली पनामा येथे झालेल्या वन्यजीव-व्यापारविषयक परिषदेत भारताच्याच प्रस्तावावरून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार सर्वांत कडक बंधनाखाली आला. मांसासाठी शिकार, वाळूचा उपसा, धरणे, घाण पाणी ही कारणे ठरलेलीच आहेत. त्यांची येथे उजळणी करीत नाही.

वाचक विचारतील, नावाने काय होते? निराळे नाव असते तर वाळू कमी उपसली गेली असती काय? नसतीच. परंतु सागरी कासवाचे उदाहरण आमच्या बाजूचे आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून वेळास येथे अंड्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. पुढे तेथे कासव महोत्सव भरू लागला. शहरातील कुटुंबे मुलाबाळांसह पहाटे उठून पिले समुद्राकडे जाताना पाहू लागली. आणि ‘ऑलिव्ह रिडले’ हे परके नाव मराठी घरांत बिनदिक्कत उच्चारले जाऊ लागले. प्राण्यास ओळख मिळाली ती नाव, स्थळ व गोष्ट अशी एकत्रच मिळाली. आमच्या शहराने फ्लेमिंगोच्या बाबतीत हेच केले. ठाण्याच्या खाडीतील त्या पक्ष्यांवरून नवी मुंबई आता आपणास ‘फ्लेमिंगोंचे शहर’ म्हणविते, आणि भिंतीभिंतींवर ते गुलाबी पक्षी रंगविलेले दिसतात. नदीतल्या कासवास अशी भिंत कोणी दिली नाही.

सागरी कासवाचा विषय निघाला म्हणून सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. 2017 साली घोषित झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यास सुवर्णकमळ मिळाले होते. जगण्यास विटलेला एक तरुण, त्यास काही न विचारता आसरा देणारी एक स्त्री, आणि कोकणच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखणारे एक वृद्ध गृहस्थ, अशी ती कथा. चित्रपट उत्तम आहे, आणि त्याचे मोठेपण त्याच्या संयमात आहे. परंतु त्याच्या नावाचा जो अर्थ बहुतेकांनी लावला, की हा तरुण कासवासारखा स्वतःच्या कवचात शिरला आहे, तो आम्हास अपुरा वाटतो. पडद्यावरचे कासव सागरी आहे, आणि सागरी कासवास कवचात शिरता येत नाही हे वर आलेच आहे. चित्रपटातील खरी उपमा निराळी असून ती अधिक सूक्ष्म आहे. आई अंडी घालून निघून गेली, तरी कोणी परका माणूस रात्री जागून त्यांवर जाळी घालतो, आणि वेळ येताच पिलास स्वतःच्या पायांनी पाण्याकडे जाऊ देतो. उचलून नेत नाही. त्या स्त्रीचे त्या तरुणाशी जे वागणे आहे ते नेमके हेच आहे. ही उपमा किनाऱ्याची, आणि कवचाची उपमा तळ्याची. एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही असल्यामुळे प्रेक्षक सवयीने ओळखीच्या उपमेकडे गेले आणि दिग्दर्शकांनी समोर ठेवलेली उपमा थोडी बाजूस पडली. शब्दाच्या ढिलाईमुळे कलाकृतीच्या आस्वादातही असा तोटा होतो.

भाषांतरकारांची अडचण याहून उघड आहे. इंग्रजीत जमिनीवरच्यास एक, पाण्यातल्यास दुसरे आणि गोड्या पाण्यातील काही जातींस तिसरे अशी तीन नावे आहेत. लुई कॅरोलच्या ‘ॲलिस’मध्ये यांपैकी पहिल्या नावावर एक प्रसिद्ध श्लेष आहे; तो मराठीत आणणे म्हणजे पाण्यावर रांगोळी काढणे होय. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या कथेत सागरी कासवांच्या निरनिराळ्या जाती निरनिराळ्या नावांनी येतात, आणि म्हाताऱ्याचा त्या सर्वांविषयीचा भाव सारखा नाही. सगळ्यांस ‘कासव’ म्हटले की तो भेद गेलाच. परंतु म्हणून इंग्रजीचा हेवा करावा असेही नाही. अमेरिकेत पाण्यातल्याचे नाव सर्वांसच लावतात. स्टाइनबेकच्या ‘ग्रेप्स ऑफ रॉथ’मध्ये तापलेला रस्ता ओलांडणारा प्रसिद्ध प्राणी जमिनीवरचाच आहे, आणि त्याचे नाव मात्र पाण्याचे. खरा हेवा करावा तो मलाय भाषेचा. तीत समुद्रातले ते ‘पेन्यू’, नदीच्या मुखातले ते ‘तुन्तुंग’, मऊ पाठीचे ते ‘लाबी-लाबी’, आणि बाकीचे ‘कुरा-कुरा’. ज्यांच्या भाषेत चार शब्द आहेत त्यांनी चार प्राणी पाहिले, हे निराळे सांगावयास नको.

मग आपण काय करावे? कोणी म्हणेल, संस्कृतात तीन पर्याय आयतेच आहेत. ‘कूर्म’ जमिनीवरच्यास, ‘कच्छप’ पाण्यातल्यास आणि ‘कमठ’ उरलेल्यास वाटून द्यावा. आमचा यास स्पष्ट विरोध आहे. हे तिन्ही शब्द पाण्यातल्या प्राण्याचेच होते; त्यांची अशी वाटणी म्हणजे तिघां भावांपैकी एकास हुकुमाने परधर्मी ठरविण्यासारखे होईल. ‘मृदुकवच’, ‘चर्मपृष्ठ’ यांसारखी नाणी पाडावीत हेही आम्हास पसंत नाही. टांकसाळीबाहेर ती कधी चालत नाहीत. ‘कासव’ हाच शब्द राहू द्यावा, मात्र त्याच्या मागे कोठले व कसले हे सांगणारा साधा शब्द लावण्याची लिहिणाऱ्याने सवय करावी: नदीचे मऊ पाठीचे कासव, तळ्यातले काळे कासव, समुद्री कासव, माळावरचे कासव. बातमीदारास चार अक्षरे अधिक लिहावी लागतील एवढेच. परंतु त्या चार अक्षरांवर कधीकधी जीव अवलंबून असतो. पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले, रुक्ष माळांवर राहणारे कासव कोणी चोरून विकले, मग कोणा दयाळू माणसाने ते सोडविले आणि ‘कासव’ म्हणून तळ्यात टाकले, तर ते बुडून मरते.

आणखी एक वापर आहे. त्याचा उल्लेख टाळावा असे वाटत होते, पण टाळणे बरे नव्हे. ज्या घरांत नदीतले कासव कोणी पाहिलेले नाही त्या घरांत आज काचेचे कासव उत्तरेकडे तोंड करून ठेवलेले असते आणि यजमानांच्या बोटात कासवाची अंगठी असते. हे निरुपद्रवी आहे. परंतु ‘वीस नखांचे कासव’ घरात असले म्हणजे पैशाचा पाऊस पडतो, ही समजूत निरुपद्रवी नाही. तिच्या पायी जिवंत प्राणी पकडले व विकले जातात, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली माणसे तुरुंगात जातात. नखांचा हिशेब तरी नीट करावा. मऊ पाठीच्या कासवांच्या कुळाचे शास्त्रीय नावच मुळी ‘तीन नखांचे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून पडले आहे. प्रत्येक पायास तीन, म्हणजे एकूण बारा. तळ्यातल्या व माळावरच्या कासवांस बहुधा पुढे पाच-पाच व मागे चार-चार, म्हणजे अठरा. वीस भरावयास दोन नखे आणावयाची कोठून, हे पाऊस पाडणारांनीच सांगावे. तर्कशास्त्रात अशक्य वस्तूचे उदाहरण म्हणून ‘कूर्मरोम’, म्हणजे कासवाचे केस, सशाच्या शिंगांच्या जोडीस देत आले आहेत. त्यांच्या शेजारी ही विसावी नखे ठेवावयास हरकत नाही.

खारघरच्या त्या घरी आम्ही यांतले निम्मेशिम्मे सांगितले. मुलाने ते लक्ष देऊन ऐकले. मिसिसिपी नकाशात कोठे आहे हे त्याने तत्काळ काढले, आणि पेटीवर ‘मिसिसिपी नदीचे कासव’ अशी चिठ्ठी डकविली. गाढी नदीचा बेत रद्द झाला. मोठी पेटी आणावयाचे ठरले. मग ते कासव किती वर्षे जगेल असा प्रश्न निघाला, आणि नीट निगा राखली तर वीस-तीस वर्षे सहज, असे आम्ही सांगितले. तेव्हा गृहिणींनी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती कूर्मदृष्टी खचित नव्हती.